दोघींत उंच कोण

१५६४ च्या शरदात जेम्स मेल्व्हिल नावाचा एक स्कॉटिश सरदार आपल्या राणीचा वकील म्हणून लंडनला आला. काम नाजूक होतं. त्याची राणी मेरी एकवीस वर्षांची विधवा होती आणि ती पुन्हा कुणाच्या गळ्यात माळ घालते यावर दोन राज्यांचं पुढचं सगळं टांगलेलं होतं. इंग्लंडच्या राणीला, एलिझाबेथला, मात्र आधी भलतंच काही जाणून घ्यायचं होतं. तुमच्या राणीचे केस कोणत्या रंगाचे? माझ्यापेक्षा चांगले? दोघींत सुंदर कोण? मेल्व्हिल मुरलेला गडी. तो म्हणाला, इंग्लंडात आपल्यासारखी नाही आणि स्कॉटलंडात आमच्या राणीसारखी नाही. एवढ्यानं भागेना. उंच कोण? आमची राणी, त्यानं सांगून टाकलं. मग ती जरा जास्तच उंच आहे, एलिझाबेथ म्हणाली. मी ना फार उंच, ना ठेंगणी. वाजवते कशी? राणी असून बऱ्यापैकी वाजवते. त्याच संध्याकाळी एका सरदारानं मेल्व्हिलला सहज म्हणून एका सज्जात नेलं, तर पलीकडच्या दालनात एलिझाबेथ एकटीच व्हर्जिनल नावाचं पेटीसारखं तारवाद्य वाजवत बसलेली. सहज, अर्थातच. पुढे आपला नाच त्यानं पाहावा म्हणून तिनं त्याला आणखी दोन दिवस ठेवून घेतलं.

हे सगळं मेल्व्हिलनं म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत आहे, आणि त्या आठवणींत मेल्व्हिल कधीही निरुत्तर होत नाही, हे ध्यानात ठेवून वाचायचं. पण त्यातल्या एका प्रसंगावर माझा विश्वास बसतो. एलिझाबेथ त्याला शयनगृहात घेऊन गेली आणि तिनं एक छोटं कपाट उघडलं. आत तळहातात मावतील अशी चित्रं, एकेक कागदात गुंडाळलेलं, वर तिच्या हस्ताक्षरात नाव. एक तिच्या जिवलगाचं, रॉबर्ट डडलीचं. गंमत म्हणजे याच डडलीला ती त्या दिवसांत मेरीसाठी स्थळ म्हणून सुचवत होती. हे चित्र आमच्या राणीला नेऊन दाखवतो, असं मेल्व्हिल म्हणाला, तर नको म्हणाली, माझ्याजवळ एवढं एकच आहे. मग तिनं मेरीचं चित्र काढलं आणि त्याचं चुंबन घेतलं. तुमच्या राणीला एकदा पाहायचंय, असं तिनं म्हणताच मेल्व्हिलनं तोडगा सुचवला: हुजऱ्याचा वेष करा, मी आपल्याला गुपचूप स्कॉटलंडला नेतो. एलिझाबेथनं उसासा टाकला. तसं करता आलं असतं तर!

करता आलं नाही. १५४२ मध्ये मेरी जन्मली, १५८७ मध्ये एलिझाबेथच्या सहीनं तिचं डोकं उडवलं गेलं. मधली चव्वेचाळीस वर्षं दोघी एकाच काळात जगल्या, एकमेकींना ‘प्रिय भगिनी’ म्हणून पत्रं लिहीत राहिल्या, शेवटची जवळजवळ एकोणीस वर्षं तर एकाच देशात होत्या, आणि त्यांची नजरानजर एकदाही झाली नाही.

२०१८ साली आलेला ‘मेरी क्वीन ऑफ स्कॉट्स’ हा सिनेमा मी पाहिला तो या एका गोष्टीसाठी. सर्शा रोनन मेरी, मार्गो रॉबी एलिझाबेथ. दिग्दर्शिका जोसी रूर्क मूळची नाटकवाली, लंडनच्या डॉनमार वेअरहाउस थिएटरची तेव्हाची कलात्मक संचालक. पटकथा जॉन गाय या इतिहासकाराच्या चरित्रावरून बेतलेली. म्हणजे खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी भेट होते. झालीच पाहिजे. या दोघींना समोरासमोर उभं न करता त्यांची गोष्ट सांगायची हिंमत गेल्या दोनशे वर्षांत फार थोड्यांनी केली आहे.

सगळ्यांत गाजली ती जर्मन नाटककार शिलरची भेट. १८०० साली वायमारमध्ये त्याचं ‘मारिया श्टुआर्ट’ रंगमंचावर आलं. त्याच्या तिसऱ्या अंकात फोदरिंगे किल्ल्याच्या बागेत दोघी भेटतात, कैदी आधी नमते, मग तिचा तोल सुटतो आणि ती समोरच्या राणीला तिच्या जन्मावरून बोलते. दोनीझेत्तीनं त्यावर ऑपेरा रचला. १८३४ मध्ये नेपल्सला तालीम चालू असताना मेरी झालेल्या गायिकेनं ती शिवी इतकी जीव ओतून दिली की एलिझाबेथ झालेली बाई खरोखरच तिच्या अंगावर धावून गेली आणि दोघींची झोंबाझोंबी झाली. पुढे राजानं तो ऑपेराच बंद पाडला. १९३६ चा जॉन फोर्डचा सिनेमा घ्या, कॅथरीन हेपबर्नचा, त्यातही भेट आहे. १९७१ मध्ये व्हनेसा रेडग्रेव्ह आणि ग्लेन्डा जॅक्सन आमनेसामने आल्या, तेव्हा तर पटकथाकाराचं एका भेटीवर समाधान झालं नाही, त्यानं दोन घातल्या. ग्लेन्डा जॅक्सन पुढे खासदार झाली आणि वीसहून अधिक वर्षं संसदेत बसली. तिची एलिझाबेथ पाहिली की याचं आश्चर्य वाटत नाही.

नव्या सिनेमाचं एकदा पाहून भागलं नाही. पुन्हा पाहिला तो आत्याच्या घरी, तिच्या मोठ्या टीव्हीवर. आत्या अधूनमधून भाजी निवडत, अधूनमधून बघत होती. अर्ध्या तासानं तिनं विचारलं, “अगं, पण यांचा नवरा कोण?”

“एक नाही गं. मेरीला तीन झाले. एलिझाबेथनं केलाच नाही.”

“मग भांडतात कशाला?”

प्रश्न बिनतोड होता. आपल्याकडे दोन राण्या म्हटलं की मधे एक राजा लागतो. श्रावणातल्या कहाण्यांपासून आपण तेच ऐकत आलोय. आटपाट नगरात एक आवडती आणि एक नावडती, नावडतीला गोठ्यात राहायला आणि आवडतीला महाल. २०१५ मध्ये भन्साळींच्या ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई आणि मस्तानी जोडीनं पिंगा घालताना दिसल्या, तेव्हा पुण्यात केवढा गहजब झाला होता. पेशव्यांच्या वंशजांनीही आक्षेप घेतला. पेशव्यांच्या घरातल्या बायका अशा नाचतील का, हा वाद मोठ्यानं झाला. त्या दोघींना एका चौकटीत आणल्याशिवाय दिग्दर्शकाला चैन का पडत नाही, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

आत्याला मी ताराबाईचं उदाहरण दिलं. राजाराम महाराज १७०० मध्ये गेले. मागे दोन राण्या आणि दोघींना एकेक मुलगा. ताराबाईनं आपल्या शिवाजीला गादीवर बसवून औरंगजेबाशी झुंज दिली. १७१४ मध्ये राजसबाईच्या संभाजीला कोल्हापूरच्या गादीवर बसवण्यात आलं आणि ताराबाई मुलासकट पन्हाळ्यावर कैदेत पडली. तेव्हा नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती. त्या भांडणात सवतीमत्सर किती आणि गादीचा हिशेब किती? “गादीचाच,” आत्या म्हणाली, आणि पुन्हा भाजीकडे वळली.

इंग्लंडातही गादीचंच होतं. आठव्या हेन्रीनं पहिली बायको जिवंत असताना अ‍ॅन बुलीनशी लग्न केलं, ते कॅथलिक जगानं कधी मानलंच नाही. त्या लग्नाची मुलगी एलिझाबेथ. ती तीन वर्षांचीही नव्हती तेव्हा बापानं आईचा शिरच्छेद करवला. कॅथलिकांच्या लेखी ही मुलगी अनौरस, म्हणजे इंग्लंडची खरी राणी कोण, तर हेन्रीच्या थोरल्या बहिणीची नात मेरी. मेरी सहा दिवसांची असताना बाप वारला आणि ती पाळण्यातच राणी झाली. पाच वर्षांची असताना तिला फ्रान्सला पाठवलं, तिथल्या युवराजाशी तिचं लग्न झालं. एलिझाबेथ गादीवर येताच मेरीच्या सासऱ्यानं सुनेच्या राजचिन्हांत इंग्लंडची चिन्हंही घालून टाकली. सून सोळा वर्षांची. तिला कुणी विचारलंही नसेल. लंडनमध्ये मात्र ती गोष्ट कुणी विसरलं नाही. पुढे नवरा वारला, अठराव्या वर्षी मेरी लीथच्या धक्क्यावर उतरली आणि तिनं एकच मागणं लावून धरलं: माझं नाव वारस म्हणून जाहीर कर. एलिझाबेथचं उत्तर ठरलेलं. वारस नेमणं म्हणजे जिवंतपणी स्वतःचं कफन डोळ्यांपुढे टांगून घेणं.

भेट व्हायची ती १५६२ मध्ये होता होता राहिली. ठिकाण ठरत होतं, यॉर्क किंवा नॉटिंगहॅम. एवढ्यात फ्रान्समध्ये व्हासी या गावी मेरीच्या मामाच्या माणसांनी प्रार्थनेला जमलेल्या प्रोटेस्टंटांना कापून काढलं, धर्मयुद्ध पेटलं, आणि अशा मामाच्या भाचीला भेटणं एलिझाबेथला परवडेना. निरोप पोचला तेव्हा मेरी रडत अंथरुणाला खिळली म्हणतात. ती सगळी हुरहुर खरी असणार. एलिझाबेथच्या मनात भेटीची ओढ होती तीही खरी असावी. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात एलिझाबेथला देवी आल्या, ती मरता मरता वाचली, आणि ती शुद्धीवर येईपर्यंत अख्खा दरबार वारसाच्या विचारानं हवालदिल झाला.

या देवींचं सिनेमानं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. मार्गो रॉबीसारख्या देखण्या नटीला खोटं नाक लावलं, चेहऱ्यावर व्रण उमटवले, आणि मग दर प्रसंगाला वरून पांढऱ्या रंगाचा थर वाढवत नेला. रंगभूषेला ऑस्करचं नामांकन मिळालं, वेशभूषेलाही. अलेक्झांड्रा बर्ननं सोळाव्या शतकातले पोशाख चक्क डेनिमचे शिवले होते, आणि ते कुठे खटकत नाहीत. इकडे मेरी घोड्यावर, वाऱ्यात, उघड्या डोंगरांत. तिकडे एलिझाबेथ खोलीत, कागदाची लाल फुलं वळत बसलेली. मेरीला मुलगा झाल्याची बातमी येते. एलिझाबेथ झगा पोटाशी गोळा करते आणि भिंतीवरच्या आपल्या सावलीकडे पाहते. सावली गरोदर. संवाद नाही, फक्त सावली. सगळ्या सिनेमात मला हा तुकडा सर्वांत आवडला, आणि सर्वांत जास्त राग आला तो याचाच. मूल नसलेली बाई मूल असलेलीचा हेवा करणारच, हे गृहीत धरायला सोपं जातं. मेल्व्हिलच्या आठवणींतही तिनं ती बातमी ऐकून आपण वांझ खोड असल्याचा विलाप केला, असं आहे खरं. पण तो ऐकीव मजकूर. त्या बातमीनं इंग्लंडच्या गादीला एक नर वारस मिळाला होता. सावलीकडे बघण्याआधी एलिझाबेथनं नकाशाकडे पाहिलं असेल, असं मला वाटतं.

मधली माणसं मात्र सिनेमात चांगली उभी केली आहेत. एलिझाबेथचा मंत्री विल्यम सेसिल, स्कॉटलंडचे सरदार, आणि दाढी वाढवलेला प्रोटेस्टंट धर्मोपदेशक जॉन नॉक्स. या नॉक्सनं १५५८ मध्ये बायकांच्या राज्याविरुद्ध एक जहाल पुस्तिका काढली होती. निशाणा होती इंग्लंडची आधीची राणी, कॅथलिक मेरी ट्यूडर. पण पुस्तिका बाजारात येते न येते तोच ती राणी वारली आणि तिच्या जागी बसली एलिझाबेथ, प्रोटेस्टंट, त्याच्याच बाजूची. ती त्याच्यावर जी भडकली ती कायमची. नॉक्सची सारवासारव तिच्या गळी उतरली नाही. दोन्ही राण्यांभोवती असे पुरुष होते. त्यांना राणी हवी होती, बाई नको होती, आणि दोन बायकांनी आपसांत बोलून काही मिटवलं असतं तर यांचा धंदाच बसला असता. पुढे त्याच सरदारांनी मेरीच्या देखत तिचा चिटणीस रिझिओ याला जेवणाच्या टेबलावरून ओढून नेऊन भोसकलं. तेव्हा ती सहा महिन्यांची गरोदर होती. वर्षभरात तिचा दुसरा नवरा डार्नली मारला गेला. त्यात ज्याचं नाव सगळे घेत होते त्या सरदार बॉथवेलशी तीन महिन्यांत तिनं लग्न केलं, आणि सगळा देश तिच्यावर उलटला. हा भाग सिनेमा धावत उरकतो. तसाच तो घडलाही होता, धावतच.

१६ मे १५६८ ला मेरी एका मासेमारी होडीतून सॉल्वेची खाडी ओलांडून इंग्लंडला आली. अंगावरच्या कपड्यांनिशी. बहीण आहे, मदत करेल, या भरवशावर. तिनं कपडे मागवले तेव्हा एलिझाबेथकडून गाठोडं आलं: दोन फाटके आतले झगे, काळ्या मखमलीचे दोन तुकडे, दोन जोड बूट. ते मेरीपुढे उघडायची पाळी ज्या सर फ्रान्सिस नॉलिसवर आली, त्याची इतकी शोभा झाली की हे चुकून दासींसाठीचं आलं, असं त्याला सांगावं लागलं. मेरी भेट मागत राहिली. मला समोर येऊ दे, मी सगळं खुलासेवार सांगते. एलिझाबेथ म्हणाली, आधी नवऱ्याच्या खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटका, मग भेट. तो दिवस यायचाच नव्हता.

सिनेमातली भेट याच सुमाराला, एका आडबाजूच्या धोबीघरात होते. छतापासून धुतलेल्या पांढऱ्या कापडांच्या ओळीच ओळी लटकलेल्या. मेरी त्यांतून वाट काढत एलिझाबेथला शोधते. आवाज येतो, आकृती हलते, मेरी कापड बाजूला करते तर पलीकडे दुसरं कापड. रूर्कनं म्हणे हा प्रसंग चित्रित होईपर्यंत दोन्ही नट्यांना एकमेकींसमोर येऊ दिलं नव्हतं, म्हणजे त्या वेशात दोघींनी एकमेकींना पाहिलं ते कॅमेऱ्यासमोरच. पहिल्या मिनिटात हे कळतं. दोघींच्या आवाजात काहीतरी चाचपडणारं आहे. तो प्रसंग तिथंच कापला असता, कापडं मधेच राहू दिली असती, तर या सिनेमानं खरी गोष्ट सांगितली असती. पण शेवटचं कापड सरतं. एलिझाबेथ डोक्यावरचा टोप काढते, खुरटे केस दिसतात. तुझ्या रूपाचा, धाडसाचा, मातृत्वाचा मला हेवा वाटायचा, आता वाटत नाही, कारण त्यांनीच तुला खड्ड्यात घातलं, असं ती म्हणते. मेरीही मग आपला पुरातन हक्क सांगायला लागते. दोघी छान बोलतात, आणि त्या पातळ भिंतींमागचा सगळा इतिहास एका मनोगतात आटून जातो.

आणि पुढच्या काही मिनिटांत शिरच्छेद. एकोणीस वर्षं एका कापात गायब. रोनन मरायला जाते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर फारशी सुरकुतीही नाही. खरी मेरी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची, संधिवातानं आखडलेली, स्थूल झालेली बाई होती.

त्या एकोणीस वर्षांत काय झालं? बोल्टन, टटबरी, शेफील्ड, चॅट्सवर्थ, चार्टली, एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात. टटबरीच्या भिंती ओलसर आणि संडासांचा वास सुटलेला. मेरी सीटन ही लहानपणापासूनची सखी रोज तिचे केस विंचरून नवनव्या टोपांत बसवायची. बहुतेक वर्षं पहारा अर्ल ऑफ श्रूजबरीचा, आणि त्याची बायको बेस ऑफ हार्डविक दुपारी मेरीबरोबर भरतकामाला बसायची. कॅनव्हासचे चौकोन, बारीक तिरपे टाके, रेशीम. चित्रं छापील पुस्तकांवरून घेतलेली, पक्षी, मासे, जनावरं. त्यातलं एक आज एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्यात आहे. गेस्नर या स्विस विद्वानाच्या प्राणिग्रंथातलं मांजर मेरीनं उतरवून घेतलं, पण रंग आपला निवडला, तांबूस नारिंगी. आणि मूळ चित्रात नसलेला एक उंदीर शेजारी भरला. एलिझाबेथचे केस लालसर होते, हे पाहणाऱ्याला सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या एका चौकोनात आभाळातून आलेला हात कोयत्यानं वेलीची वांझ फांदी छाटतो आहे. तो तिनं ड्यूक ऑफ नॉरफोकला पाठवला, आणि नॉरफोक पुढे तिच्याशी लग्न करायच्या कटात सापडला. १५७४ मध्ये तिनं खुद्द एलिझाबेथसाठी लाल साटिनचा घागरा स्वतःच्या हातानं रुपेरी जरीनं भरून पाठवला. एकीकडे मांजर, दुसरीकडे हा घागरा. दोन्ही एकाच सुईतून उतरले.

१५७० मध्ये पोपनं एलिझाबेथला धर्मबाह्य ठरवून तिच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं. त्यानंतर इंग्लंडमधला प्रत्येक कॅथलिक हा संभाव्य गद्दार, आणि कोंडलेली मेरी ही प्रत्येक कटाचं कारण. जे पळू शकत होते ते बाहेर पडले. विल्टशायरचा एक तरुण रोमला जाऊन जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्याला उतरला. थॉमस स्टीफन्स. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्या मराठीत. एलिझाबेथनं १५८३ मध्ये अकबराच्या नावानं पत्र देऊन काही व्यापारी पाठवले, त्यांना पोर्तुगीजांनी पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकलं, तेव्हा जामीन मिळवून द्यायला धावून आला तो हाच स्टीफन्स. आपल्या राणीनं ज्यांना पाठवलं त्यांना, आपल्या राणीच्या धाकानं देश सोडलेल्या माणसानं सोडवलं. गोव्यातल्या साष्टीत ओवी घडवणाऱ्या त्या हाताला कुणी मेरीबद्दल विचारलं असेल का, कोण जाणे. मला ‘ख्रिस्तपुराण’ हातात घेताना फोदरिंगे आठवतो खरा.

फोदरिंगेच्या दिवाणखान्यात ऑक्टोबर १५८६ मध्ये मेरीवर खटला चालला. त्याआधी वॉल्सिंगहॅम या हेरप्रमुखानं चार्टलीला बिअरच्या पिपांच्या बुचांतून पत्रं ये-जा करायची सोय स्वतःच करून दिली होती. बॅबिंग्टन नावाच्या तरुणानं एलिझाबेथला मारायचा बेत कळवला आणि मेरीनं त्याला होकार देणारं उत्तर लिहिलं. सांकेतिक लिपी उलगडणाऱ्या फेलिप्सनं त्या पत्रावर फाशीचा खांब रेखाटून ते पुढे पाठवलं. दिवाणखान्यात एका टोकाला चौथऱ्यावर छत्राखाली सिंहासन होतं. मेरी आत आली, तिनं ते पाहिलं आणि ते आपल्यासाठीच असणार असं तिला वाटलं. जन्मानं राणी मीच, तिथं मीच बसायला हवं, असं ती म्हणाली. ते एलिझाबेथचं होतं. रिकामं. तिला बसायला एक साधी खुर्ची दिली गेली. दोन दिवस ती बोलत होती, न्यायाधीश बोलत होते, आणि दोघींची त्यातल्या त्यात जवळची भेट म्हणावी तर ती हीच.

माझं मत असं की एलिझाबेथ मेरीला भेटली असती तर मेरीला मारणं तिला जमलं नसतं, आणि हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. भेट टाळणं हा तिचा भित्रेपणा नव्हता, तो तिचा कारभार होता. मृत्युदंडाच्या हुकुमावर सही करायला तिनं महिने घेतले. १ फेब्रुवारी १५८७ ला केली, आणि त्याच दिवशी मेरीचा पहारेकरी पॉलेट याला सुचवलं की हे काम गुपचूप उरकता आलं तर बरं. पॉलेट मोठा कडवा माणूस, मेरीचा द्वेष करणारा. पण त्यानं साफ नकार दिला. कायद्याशिवाय रक्त सांडणार नाही. ८ फेब्रुवारीला सकाळी कुऱ्हाडीचे दोन घाव बसले आणि मग एक. जल्लादानं डोकं केसांना धरून उचललं तर हातात टोप आला आणि खाली आखूड करडे केस. तिच्या घागऱ्यात तिचा छोटा कुत्रा लपलेला सापडला. एलिझाबेथनं मग आकांत केला, हुकूम पोचवणाऱ्या डेव्हिसन या सचिवाला टॉवरमध्ये डांबलं, आणि मेरीच्या मुलाला लिहिलेल्या पत्रात या सगळ्याला दुर्दैवी अपघात म्हटलं. तो मुलगा जेम्स पुढे दोन्ही देशांचा राजा झाला. १६१२ मध्ये त्यानं आईला पीटरबरोहून उचलून वेस्टमिन्स्टरच्या सातव्या हेन्रीच्या देवळात आणलं. एलिझाबेथ उत्तरेच्या ओवरीत, मेरी दक्षिणेच्या, आणि मेरीची समाधी अधिक उंच, अधिक खर्चाची. लेकरानं तेवढं केलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात इटालियन कारभाराचे म्हणून जमा असलेले चिन्हांनी भरलेले काही कागद तीन हौशी माणसांनी उलगडले. एक संगणकतज्ज्ञ, एक पियानोवादक, एक भौतिकशास्त्रज्ञ. ती निघाली मेरीची पत्रं, १५७८ ते १५८४ मधली, पन्नासहून अधिक, बहुतेक लंडनमधल्या फ्रेंच वकिलाला, कास्तेलनोला लिहिलेली. तब्येतीचं रडगाणं, पैशांची चणचण, वॉल्सिंगहॅमवर अविश्वास, एलिझाबेथ वाटाघाटींचं नुसतं नाटक करते अशी तक्रार, मुलाला सरदारांनी पळवलं तेव्हाचा संताप. यांवर सिनेमा काढायचा म्हटलं तर मोठीच पंचाईत. एक बाई लिहिते आहे, जिच्याबद्दल लिहिते तिच्या हाती ते पोचणार नाही असं बघते आहे, आणि वाचणारे सगळे तिसरेच. दोन मोठ्या नट्यांना घेऊन दोन तास असं काही दाखवायचं, त्यांना एकदाही एका चौकटीत न आणता, हे कुठल्या निर्मात्याच्या गळी उतरवायचं?